फायबर बॉडीची रोडस्टर तापल्यावर सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलण्याआधी अर्थ तपासा

लक्षणं आधी लिहितो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे की दुसरं, ते लगेच कळेल.

सकाळी थंड गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. वीस-तीस किलोमीटर चालवून चहाला थांबलात, दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की इंजिन हलत नाही, नुसतं 'टक्' वाजतं. कधी चार-पाचदा टक्-टक् करून सेल्फ उचलतो, पण जड, रेटत रेटत. तासभर लिंबाखाली उभी ठेवली की पुन्हा चांगली. धक्का मारला तर एका धक्क्यात सुरू.

डॅशबोर्डवरही खुणा दिसतात. हेडलाइट लावला की टेम्परेचरचा काटा एकदम सरकतो, बंद केला की जागेवर येतो. इंडिकेटरच्या तालावर पेट्रोलचा काटा थरथरतो. ब्रेक दाबला की मागचा पार्किंगचा दिवा मंद होतो. रेडिएटरचा पंखा फिरतो, पण त्याच्या वाऱ्यात दम नसतो. यातली दोन लक्षणं जरी एकत्र दिसली, तरी नवीन बॅटरी घ्यायला निघू नका. दोष बहुतेक वेळा अर्थचा, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडणीचा निघतो, आणि तो एका पॉलिश पेपरात आणि दोन-तीन नव्या वायरींत मिटतो.

ही गाडी वेगळी का

मी लिहितोय ते चिंकारा रोडस्टर आणि तिच्या जातीच्या गाड्यांबद्दल. अलिबागला मोजक्या संख्येत बनलेली ही दोन सीटची गाडी. रूप लोटस सेव्हनचं, म्हणजे कॉलिन चॅपमनने १९५७ साली इंग्लंडात आणलेल्या गाडीचं: लांब बॉनेट, जमिनीला टेकल्यासारखी बैठक. खाली स्टीलच्या पाइपांची चौकट, वर फायबरची बॉडी, आणि पोटात इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन. हे इंजिन आपल्याला परकं नाही. हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसात आणि १८०० आयएसझेड ॲम्बेसेडरमध्ये हेच यायचं. म्हणून हिंगणघाट, पुसद, वरोरा, अचलपूर अशा गावांतही या इंजिनावर हात बसलेला एखादा जुना मिस्त्री सापडतो, आणि अशी गाडी विदर्भातल्या खेड्यात सांभाळणं शक्य होतं, ते त्याच्याच भरवशावर.

पण त्याच मिस्त्रीची एक सवय इथे घात करते. ॲम्बेसेडरची बॉडी पत्र्याची. कुठेही स्क्रू मारून काळी वायर अडकवली की अर्थ मिळाला. अख्खी बॉडी ही बॅटरीच्या मायनसला जोडलेली एक मोठी तारच असते. फायबरमधून करंट जात नाही. तिथे मारलेला स्क्रू दिसतो घट्ट, चकचकीत, पण विजेच्या हिशेबाने तो हवेत लटकलेला असतो. मग त्या दिव्याचा किंवा हॉर्नचा करंट परतीची वाट शोधत दुसऱ्याच्या वायरीतून, कधी मीटरमधून, कधी चोक नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. काटे नाचतात ते त्यामुळे.

डॅशखाली एकदा बॅटरी टॉर्च लावून बघा. मला बहुतेक गाड्यांत एकच दृश्य दिसतं. पाच-सहा काळ्या वायरी एका थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपीत) दाबलेल्या, त्यावर टेपचे वेढे, आणि ते थिंबल सेल्फ-टॅपिंग स्क्रूने फायबरला ठोकलेलं. काम सफाईचं असतं, म्हणूनच कोणाला शंका येत नाही. यात गाडी बनवणाऱ्याचा दोष धरू नका. नंतर कोणीतरी म्युझिक, फॉग लॅम्प, मोबाइल चार्जर बसवला आणि अर्थ जवळ मिळेल तिथे दिला, अशीच गोष्ट असते.

तापल्यावरच का होतं

याचं उत्तर समजलं की पुढची तपासणी आपोआप सुचते. सेल्फ इंजिन फिरवताना दीडशे ॲम्पियरच्या आसपास करंट ओढतो. जोडात गंज चढून फक्त ०.०१ ओहमचा अडथळा झाला, तरी १५० × ०.०१ म्हणजे दीड व्होल्ट त्या जोडातच जळतो. सेल्फला बारा व्होल्टऐवजी साडेदहा मिळण्याची बात झाली, आणि इंजिन फिरताना बॅटरी स्वतःही दबते ते वेगळंच.

त्यात उन्हाची भर. तांब्याचा अडथळा दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. सेल्फवरच्या सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचची गुंडाळी इंजिनाच्या धगीने ८० अंशांनी जास्त तापली, तर तिच्यातून जाणारा करंट जवळजवळ पाव हिश्शाने घटतो. म्हणजे आतला दांडा ओढायची ताकदच कमी पडते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे किंवा अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या वरही जातो. थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्या धगीला बाहेर जायला वाट नसते. थंडीत चालून जाणारा कमजोर जोड उन्हाळ्यात उघडा पडतो तो असा. गाडी चालू असताना वारा लागतो म्हणून काही कळत नाही. थांबल्यावर पहिल्या दहा-वीस मिनिटांत धग सेल्फपर्यंत पोचते, नेमकं तेव्हाच तुम्ही किल्ली फिरवता.

पहिली तपासणी: कान द्या (फुकट)

किल्ली फिरवताना काय ऐकू येतं त्यावर पुढचा रस्ता ठरतो. एकच जोरदार टक् आणि शांतता: सोलेनॉइड ओढतोय, पण सेल्फला करंट पुरत नाही, किंवा सेल्फच अडकलाय. भराभर टकटकटक: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. काहीच आवाज नाही: किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर बघा. सेल्फ नुसता घुंग करून फिरतो आणि इंजिन जागेवर: दात किंवा बेंडिक्स (सेल्फचा दात इंजिनाच्या चाकात अडकवणारा भाग) गेला, तो इथे बरा होणार नाही. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही: मग अर्थ मागे सोडा, खाली पेट्रोलचा भाग लिहिलाय तिथे जा. लोक या दोन दुखण्यांची गल्लत करतात आणि सेल्फ खोलून बसतात.

दुसरी: टर्मिनल हाताने हलवा (फुकट)

गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, किल्ली बंद. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं बोटांनी पिळून बघा. जरा जरी हलली तर दोष तिथेच. पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी मायनस काढा, मग प्लस. गरम पाणी ओता, घासा, कोरडं करा. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. हा क्रम पाळायचाच, कारण मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चौकटीच्या पाइपाला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीची वाटच बघत असतो.

एक सोपी खूण आहे. सेल्फ मारायचा प्रयत्न झाल्यावर लगेच किल्ली बंद करून प्रत्येक जोडाला बोट लावा. जो जोड बाजूच्या वायरीपेक्षा गरम लागेल तो खराब. चांगला जोड तापत नाही. एक्झॉस्टच्या जवळ मात्र बोट घालू नका.

तिसरी: जंपर केबलची परीक्षा

मला एकच तपासणी करायची मुभा दिली तर मी हीच करीन. ट्रॅक्टरवाल्याकडे जंपर केबल असते, ती मागून आणा. गाडी तापून अडली असतानाच ही परीक्षा घ्यायची. थंड गाडीवर काही कळणार नाही.

केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या धातूला: अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा बोल्ट किंवा इंजिन उचलायचा हुक. रंग लागलेल्या जागी चिमटा लावून उपयोग नाही, दात धातूत रुतले पाहिजेत. केबल फॅन, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून दूर ठेवा. आता सेल्फ मारा. इंजिन झटकन फिरलं तर निदान झालं: बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, मधला परतीचा रस्ता खराब.

आमच्याकडे एक संत्र्याचे बागायतदार अशी गाडी घेऊन आले होते. म्हणाले, "भाऊ, नवी बॅटरी टाकली, सेल्फ भरून आणला, तरी काऊन असं होऊन राहिलं?" गाडी दारातच अडलेली होती. केबल लावली आणि सेल्फ पहिल्या झटक्यात उचलला. खाली वाकून पाहिलं तर इंजिनाहून चौकटीला जाणारी विणलेली पट्टी एका टोकाला चार-सहा धाग्यांवर लोंबत होती. या गाडीचं पोट जमिनीला लागून. पांदणीतला दगड, धुऱ्यावरची पऱ्हाटीची खुंटं, गावातले बेढब स्पीड ब्रेकर, या सगळ्यांचा मार त्या पट्टीलाच बसतो. बॅटरी आणि सेल्फ यांवर गेलेल्या पैशापुढे त्या पट्टीची किंमत काहीच नव्हती.

केबल लावूनही फरक पडला नाही तर निराश होऊ नका. अर्धा शोध संपलाय. आता प्लसची बाजू आणि सेल्फ एवढंच उरलं.

चौथी: मीटर लावा

साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात असतोच. २० व्होल्ट डीसीवर ठेवा.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा, बाकी सगळं नंतर. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. कमी असतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊच्या खाली कोसळली तर बॅटरीत दम नाही.

खरी गंमत पुढच्या मोजमापात आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर (टर्मिनलवर नाही, खुंटीवरच), दुसरी इंजिनाच्या धातूवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला तर तेवढा परतीच्या रस्त्यावर जळतोय. मग पिन सरकवत जा: खुंटी ते टर्मिनल, टर्मिनल ते चौकट, चौकट ते इंजिन. जिथे आकडा उडी मारेल तोच जोड गुन्हेगार. प्लसच्या बाजूलाही असंच, बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, तिथे ०.५ पर्यंत चालतं.

ओहमवर लावून बीप ऐकणं या कामाला पुरत नाही, हे बजावून सांगतो. मीटर अगदी थोड्या करंटवर मोजतो. एकाच धाग्यावर टिकलेली पट्टीसुद्धा बीप देते आणि दीडशे ॲम्पियर मागितले की माघार घेते.

पाचवी: अर्थ नव्याने बांधा

वायर घरगुती ॲल्युमिनियमची नको. बॅटरी ते चौकट आणि चौकट ते इंजिन या दोन्ही जागी २५ स्क्वेअर एमएम किंवा जाड तांब्याची लवचीक केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेलं तांब्याचं थिंबल. चौकटीवर रंग किंवा पावडर कोटिंग असतं, त्यावर थिंबल आवळलं तर अर्थ रंगालाच मिळतो. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, काटेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन फासा. पावसाळ्यात उघड्या गाडीत पाणी येणारच, ग्रीस नसेल तर पोळ्यापर्यंत पुन्हा गंज.

डॅशखाली पितळेची छोटी पट्टी लावा, सगळ्या काळ्या वायरी तिच्यावर वेगवेगळ्या बोल्टने, आणि पट्टीपासून एक जाड वायर चौकटीच्या घासलेल्या जागेवर. पुढचे दिवे, मागचे दिवे आणि रेडिएटरचा पंखा यांना आपापली स्वतंत्र अर्थ वायर द्या. फायबरमध्ये घुसलेला प्रत्येक अर्थचा स्क्रू काढून टाका, एकही ठेवू नका.

पंख्याचं विशेष बघा. त्याचा अर्थ कमजोर असेल तर तो मंद फिरतो आणि इंजिन खरोखर तापतं. मग खोटा काटा आणि खरी गरमी एकत्र येतात. ओळखायची रीत अशी: काटा एका क्षणात सरकला तर तो विजेचा खेळ, पाणी क्षणात तापत नसतं. काटा हळूहळू चढत गेला तर खरं मानून गाडी बाजूला घ्या. जिनिंगच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ मिळून जाड थर बसतो; बुटक्या नाकाच्या गाडीला तो लवकर बसतो. थंड असताना मागून पुढे पाण्याची हलकी धार मारा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

वायरिंग उघडलंच आहे तर उंदरांच्या खुणाही शोधा. कुटाराच्या किंवा कापसाच्या खोलीत गाडी ठेवली की हिवाळ्यात वायरी कुरतडल्या जातात, आणि अर्धी कुरतडलेली वायर तुटलेल्यापेक्षा जास्त छळते.

सहावी: सोलेनॉइडला रिले

अर्थ पक्का झाला, बॅटरी चांगली, तरीही तापल्यावर एखादवेळी टक् सुद्धा होत नाही, असं असेल तर बारीक वायरीचा दोष. बॅटरीचा करंट किल्लीच्या जुन्या स्विचमधून फिरून सोलेनॉइडला येतो, वाटेत दीड-दोन व्होल्ट गळतात. थंड सोलेनॉइड तेवढ्यावर काम भागवतो, तापलेला नाही. सेल्फ मारताना सोलेनॉइडच्या बारीक पिनवर मीटर लावा. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा एक व्होल्टाहून जास्त फरक दिसला तर मध्ये चार पिनांचा साधा रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) घाला: ३० नंबरला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ सोलेनॉइडला, ८६ ला किल्लीची जुनी वायर, ८५ अर्थला, म्हणजे चौकटीला. सेल्फ एक्झॉस्टच्या जवळ बसलेला असेल तर मध्ये पत्र्याची आडपट्टी लावा, तिचाही गुण येतो.

इंजिन फिरतं पण पेट घेत नाही, तेव्हा

कार्ब्युरेटरच्या गाडीत तापल्यावर पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. पंपावर आणि पाइपावर ओला फडका ठेवून दहा मिनिटांत गाडी सुरू झाली तर हेच कारण. पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या, त्यावर उष्णता अडवणारी नळी चढवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबरी पाइपांना ते मानवत नाही. पाइप मऊ, फुगलेला किंवा भेगाळलेला दिसला तर बदलाच, इथेनॉलला टिकणाराच घ्या. पाइप बरा असेल आणि वाफेचं लक्षणही नसेल, तर तापल्यावर ठिणगी बंद पाडणारी इग्निशन कॉइल संशयित. दुसरी चांगली कॉइल लावून बघणं हाच सोपा मार्ग.

इथे थांबा

पेट्रोलचा वास येतोय आणि गळती दिसत नाही: किल्लीला हातही लावू नका, बॅटरीचा मायनस गाडी थंड झाल्यावर, हवा खेळती असताना काढा. फायबर एकदा पेटलं की गाडी वाचत नाही. अशा गाडीत एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी पाहिजेच.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय तर मोठा फ्यूज घालून गप्प बसवू नका. वायरिंगचा मुख्य झुपका एकमेकांना चिकटलेला, वितळलेला दिसला तर हात काढा. सेल्फ खाली उतरवून कार्बन, बुश आणि आर्मेचर बघणं हे भरणीवाल्याचं, म्हणजे मोटारीची गुंडाळी नव्याने भरणाऱ्याचं काम आहे. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर चांगला सेल्फही जळेल. आणि अर्थसाठी चौकटीवर नट वेल्ड करायची कल्पना कोणी दिली तर नाही म्हणा. फायबर आणि पेट्रोलची टाकी जवळ असताना वेल्डिंग हे जाणत्या माणसाने, बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवून, टाकी उतरवूनच करायचं असतं.

मदतीला शोरूमपेक्षा ट्रक-ट्रॅक्टरचं वायरिंग करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन शोधा, आणि सेल्फसाठी तालुक्याचा भरणीवाला. गाडी न्यायची वेळ आली तर पुढची चाकं उचलून ओढू नका, नाक आणि पोट घासतं. सपाट डाल्याच्या गाडीवर, लांब फळ्या लावून चढवा. कामाला हात लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी सांगा: बॉडी फायबरची आहे, अर्थ फक्त चौकटीला किंवा इंजिनाला द्यायचा, आणि तापलेल्या गाडीवर सेल्फ मारताना खुंटी ते इंजिन किती व्होल्ट गळतात तो आकडा कामाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा मला दाखवायचा.